मागच्या सीटवरची मोटर

स्कूटर तिच्या नावावर होती. माझ्या बायकोच्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. तिला स्कूटर चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती. पण गाडीच्या पुस्तकात मालक म्हणून नाव तिचं, आणि घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर गाडीची मालकीण म्हणावी अशी ती एकटीच बाई.

ती जाऊन दोन दसरे झाले. सून म्हणते, बाबा हल्ली बोलत नाहीत. बोलणार काय? जिच्याशी बोलायचो ती गेली. म्हणून हे लिहितोय. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, तेवढ्यात जमेल तसं.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन मिळायची नाही. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि विसरून जायचं. नंबर येईपर्यंत माणसाचे केस पिकायचे. पण परदेशातून पैसे आले तर नंबर लवकर लागायचा. तिचा भाऊ आखातात वेल्डर होता. त्याने तिकडून पैसे पाठवले आणि गाडी बहिणीच्याच नावावर घेतली. सुट्टीवर आला तेव्हा मला तोंडावर म्हणाला, भावोजी, तुमच्या नावावर केली असती, पण कापडगिरणी बंद पडल्यापासून तुम्ही घरातली शिलाई मशीनसुद्धा विकायला काढली होती. काढली होतीच.

गाडी डोंगरावर चढायची नाही. गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. म्हणून ती खाली पिठाच्या गिरणीच्या बाजूला उभी असायची. गिरणीवाल्याची नजर असायची, आणि त्या बदल्यात आमचं आणि अख्ख्या आळीचं दळण त्याच्याकडे. रोज सकाळी ही माझ्या आधी खाली उतरायची. गाडीवर रात्रभर पीठ बसलेलं असायचं. ते ओल्या फडक्याने पुसायची, मग मला म्हणायची, जावा. जशी काही गाय सोडते आहे.

कापडगिरणी सुटल्यावर मी मरोळला लागलो होतो. औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी, विजेच्या मोटरी दुरुस्त करायची. जळालेली मोटर आणायची, तार नवीन भरायची, परत नेऊन बसवायची. मी बसवणारा, म्हणजे फिटर. गिऱ्हाइकं कांजूरला, मुलुंडला, भांडुपला. कंपनीचा टेम्पो एकच, आणि तो बहुतेक वेळा गॅरेजमध्ये. मी स्कूटरवरून कामाला येतो हे पाहिल्यावर मॅनेजरच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाले, तुझी गाडी आहेच, जाता जाता एवढी मोटर टाकून ये. त्या 'जाता जाता'ला पुढे अंत राहिला नाही. मागच्या सीटवर गोणपाट, गोणपाटावर मोटर, आणि जुन्या सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेली. आमच्याकडे सगळे ट्यूबनेच बांधायचे. दोरी सैल पडते, ट्यूब ताणून धरते. दोनचार वर्षं तशीच गेली.

पेट्रोलचे पैसे मॅनेजर द्यायचे. टेबलाच्या खणातून काढून हातावर. चिठ्ठी नाही, सही नाही. टायर, ऑइल, प्लग, ब्रेकची वायर, हे सगळं आमचं. आणि पेट्रोलचासुद्धा हिशोब कसा, तर त्यांच्या टेबलावर काचेखाली मुंबईचा नकाशा होता. त्यावर लाकडी पट्टी ठेवायचे, एक टोक मरोळला, एक मुलुंडला, आणि अंतर काढायचे. ती पट्टी बरोबर पवईच्या तलावावरून जायची. मी म्हटलं, साहेब, मधे पाणी आहे. मग निदान होडी तरी द्या. ते हसले. पैसे पट्टीप्रमाणेच दिले.

घरी सांगितलं तर ही इतकी हसली की तवा उतरवून ठेवला. मग आपल्या मालवणीत आळीभर सांगत सुटली, "आमच्या ह्येंका सायब पाण्यातसून धाडता." तिने पवईचा तलाव बघितला नव्हता. घाटकोपर ते पवई किती लांब? पण कोण नेणार? रविवारी मी झोपायचो, आणि मागच्या सीटला ग्रीस. एकदा लग्नाला जाताना बसली तर नव्या साडीला काळा पट्टा उमटला. त्यानंतर ती बसने जायची. गाडीची मालकीण बसने, आणि मोटर स्कूटरवर.

दसऱ्याला मात्र आमच्या गाडीचा मान असायचा. कंपनीत त्या दिवशी सगळी माणसं बायकामुलांना घेऊन यायची. यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा. शेठ कच्छी, भाविक माणूस. सकाळी उपाशी राहून स्वतः पूजा करायचे. आधी लेथ, मग तार भरायची मशीन, मग दारात ओळीने उभ्या केलेल्या गाड्या. पहिली त्यांची मोटारगाडी, दुसरा टेम्पो, तिसरी आमची स्कूटर. कुंकू, माळ, आणि प्रत्येकीपुढे एक नारळ शेठच्या हातचा. पहिल्या वर्षी ही पाहत राहिली. मला म्हणाली, आपल्या गाडीक शेट नारळ फोडता. तिला फार बरं वाटलं होतं. मलाही वाटलं होतं, कशाला खोटं सांगू.

मग ते झालं. दुपारची वेळ, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. मॅनेजर म्हणाले, कांजूरच्या गिऱ्हाइकाचं काम अडलंय, मोटर घेऊन जा. मी निघालो. साकीनाक्याच्या अलीकडे पुढची रिक्षा एकदम थांबली. मी ब्रेक दाबला. मागची ट्यूब तुटली आणि मोटर घसरून रस्त्यावर गेली. कडेने एक पाववाला सायकल हातात धरून चालत चालला होता. मोटर त्याच्या पायावर.

मी पण पडलो, पण कोपर सोललं एवढंच. त्याचं नडगीचं हाड गेलं. पाव रस्ताभर. लोक जमले. कोणी मला शिव्या घातल्या, कोणी रिक्षावाल्याला. त्याला रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं, त्याच रिक्षातून. वाटेत तो कण्हत नव्हता. एवढंच विचारलं त्याने, "पाव का क्या हुआ?" मी म्हटलं, चाचा, पाव सोडा. तर डोळे मिटून घेतले.

इकडे कोणीतरी कंपनीत फोन केला होता. टेम्पो नेमका त्याच दिवशी चालू होता. पोलीस यायच्या आत येऊन मोटर उचलून घेऊन गेला. पोलिसांनी लिहिलं ते एवढंच की स्कूटर, रिक्षा, सायकल, एक इसम जखमी. मोटरचं नाव त्यात आलंच नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. माल कंपनीचा, कंपनीने नेला.

गणपती होऊन गेले आणि रजिस्टर पोस्टाने कागद आला. पोस्टमन डोंगर चढून धापा टाकत आला आणि म्हणाला, बाईंची सही पाहिजे, त्यांच्याच नावावर आहे. तिने सही केली. तिला वाटलं भावाचं काहीतरी. कागद इंग्रजीत. खाली नाक्यावर एक वकील बसायचा, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याने वाचून सांगितलं. पाववाल्याने नुकसानभरपाईचा दावा लावला होता. दाव्यात पहिलं नाव हिचं, गाडीची मालकीण म्हणून. दुसरं विमा कंपनीचं. तिसरं माझं, चालवणारा म्हणून. आमच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. पाववाल्याला काय माहीत मी कोणाच्या कामाला निघालो होतो?

वकील माणूस बरा होता. त्याने चहा पाजून समजावलं. विमा खाजगी गाडीचा आहे. पाववाला म्हणतो, धंद्याची मोटर पडली. मग विमावाले म्हणणार, खाजगी गाडीवर दुसऱ्याचा माल वाहिला, आमचा संबंध नाही. आणि त्यांनी दिलेच तरी मागाहून मालकिणीकडून वसूल करायला बघतील. कंपनीने येऊन कबूल केलं की माणूस आमचा, काम आमचं, तर बोजा कंपनीवर जाईल. कबूल नाही केलं तर हिच्यावर. "वहिनी, तुमच्या नावावर अजून काय आहे?" त्याने विचारलं.

तिच्या नावावर खोली होती. आईने तिला दिलेली, डोंगरावरची. आम्ही सगळे त्याच खोलीत राहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरपुढे उभा राहिलो. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, गाडी कंपनीची नाही. तुझीपण नाही, बायकोची आहे. कंपनीत तिचा कुठे कागद नाही. मग शेठने का पडावं यात? मग खुर्ची पुढे घेतली आणि आवाज मऊ केला. साकीनाक्यावरून एक रस्ता पवईला जातो आणि एक तुझ्या घरी, घाटकोपरला. वेळ दुपारची. तू जेवायला घरी निघाला होतास, मागे काही नव्हतं. पोलिसांच्या कागदात मोटर आहे का? नाही. मग झालं तर. विमा कंपनी पैसे देईल, पाववाल्याला मिळतील, तुझी खोली राहील, शेठला त्रास नाही. कोणाचं वाकडं होतंय सांग.

मला ते पटलं. खरंच पटलं. सगळ्यांचं भागत होतं. मी हलक्या पायाने घरी आलो, हातपाय धुतले आणि तिला सांगितलं. ती बोंबील साफ करत बसली होती. हात थांबला नाही तिचा.

"मोटर नव्हती असा सांगतल्यात?"

म्हटलं, हो. सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

"आणि तो काय सांगता?"

कोण तो? पाववाला. म्हटलं, तो सांगतो की मोटर पडली.

"तेच्या पायार मोटर पडली, आणि तेकाच खोटो पाडतल्यात?"

मी चिडलो. म्हटलं, खोली गेली म्हणजे कळेल. हाडं त्याची जुळतील, छप्पर परत मिळणार नाही. तिने बोंबील धुतले, मांजर नको म्हणून वर सूप उलटं घातलं आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, नाव माझं आहे ना कागदावर, मग काय सांगायचं ते मी ठरवणार. त्या दिवशी आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. सकाळी ती खाली उतरून पीठ पुसायची तेवढं चालू होतं. जावा मात्र म्हणत नव्हती.

मग असंच एके दिवशी, भात वाढता वाढता तिने विचारलं, दसरो कधी?

दसऱ्याला कंपनीत जायचं माझ्या मनात नव्हतं. ती लग्नातली साडी नेसून तयार. तीच, काळ्या पट्ट्याची. पट्टा आत जाईल अशी नेसली होती. म्हणाली, दरवर्षी गाडी ओळीत उभी असते, यंदा पण राहील. मी गाडी घेतली, ती बसने आली. गाडीचा दिवा फुटलेला होता तो मी नवीन बसवला होता, पण मडगार्ड चेपलेलंच होतं. मी गेटमधून आत आलो तर मॅनेजर लांबूनच हाताने नको नको करत होते. मी टेम्पोच्या बाजूला लावली. ही गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, पदर खांद्यावरून घेऊन.

शेठ आले. लेथ झाली, तारेची मशीन झाली. मोटारगाडी, टेम्पो. सगळी माणसं, बायकापोरं भोवती. शेठ आमच्या स्कूटरपुढे आले, कुंकू लावलं, माळ घातली. चेपलेलं मडगार्ड बघून क्षणभर थांबले. मग नारळ हातात घेऊन वर उचलला.

"शेट, वायच थांबा," ही म्हणाली. "नारळ फोडायच्या आधी सांगा. गाडी कोणाची?"

शेठना कळेना. ते मॅनेजरकडे बघायला लागले. मॅनेजर पुढे आले आणि म्हणाले, वहिनी, आज सणाचा दिवस आहे, हे उद्या बोलू. ही त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून शेठनाच म्हणाली,

"तुमची असली तर फोडा. पण मग तिच्यावरसून जा पडला ता पण तुमचा. आणि आमची असली तर दरवर्षी नारळ कित्याक फोडलात?"

आवाज चढवला नव्हता तिने. बाजारात मासेवालीशी बोलते तेवढाच. शेठचा हात वर तसाच होता. त्यांनी तो हळूहळू खाली आणला. मॅनेजरनी शेठना काय सांगितलं होतं ते मला त्यांच्या तोंडावरून त्या वेळेला कळलं. त्यांना सांगितलं होतं की मी घरी जेवायला चाललो होतो. त्यांनी मला विचारलं, मोटर होती? मी मॅनेजरकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. म्हटलं, होती. कुठे नेत होतास? म्हटलं, कांजूरला. तुमच्याच गिऱ्हाइकाची. टेम्पो उचलून घेऊन आला, कव्हर फुटलं म्हणून अजून आत तिसऱ्या फळीवर पडून आहे, बघा.

शेठ आत गेले नाहीत. टेम्पोच्या ड्रायव्हरकडे फक्त बघितलं, त्याने मान खाली घातली. शेठ पुन्हा आमच्या गाडीपुढे आले. नारळ हिच्यापुढे धरला.

"लो बेन. गाडी तुमची. मोटर माझी."

आमच्यात बाई नारळ फोडत नाही. तिने तो घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. फोडा म्हणाली. मला तो दोनदा आपटावा लागला. बायका हसल्या. मग सगळ्यांनाच हसू आलं आणि पेढे वाटले गेले. मॅनेजर तेवढे पेढे न खाता आत गेले.

शेठ पुढे खरंच कोर्टात आले. वकील घेऊन, आणि स्वतः. जबानीत सांगितलं की माणूस आमच्या कामावर होता, मोटर आमची होती. ते प्रकरण लगेच मिटलं नाही, कोर्टाचं काही लगेच मिटत नाही. तारखांना ही दरवेळी आली, पहिलं नाव तिचं ना. बाकावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलायची, घरी जाऊन वेळ जायला नको म्हणून. एकदा शिपायाने हटकलं तर त्याला पण मूठभर दिल्या. शेवटी पाववाल्याला पैसे मिळाले. काही कंपनीने दिले, काही विमावाल्यांनी. कोणी किती, ते वकील जाणे. आमची खोली राहिली.

मॅनेजर काही गेले नाहीत, राहिले तिथेच. माझ्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत. पण कंपनीने दुसरा टेम्पो घेतला, जुनाच, रंग मारून. आणि शेठनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की यापुढे कोणी आपल्या गाडीवर कंपनीचा माल न्यायचा नाही. फिटरने हत्याराची पिशवी घेऊन जायचं, तिकिटाचे पैसे मिळतील. पुढच्या दसऱ्याला ओळीत मोटारगाडी आणि दोन टेम्पो होते. आमच्या स्कूटरची पूजा हिने खाली पिठाच्या गिरणीपाशी केली. गिरणीवाल्याने गिरणीचा नारळ फोडला, मी गाडीचा.

हल्ली बघतो, सगळी पोरं आपल्याच बाइकवर दुसऱ्याचा माल वाहतात. आमच्या आळीतला एक तर जेवणाचे डबे नेतो, पाठीवर हा एवढा खोका. त्याला एकदा विचारलं, पडलास तर कोण बघणार रे? तर म्हणाला, आजोबा, ॲपमध्ये लिहिलेलं असतं. काय लिहिलेलं असतं? वाचलं नाही म्हणाला.

कोर्टाचा निकाल झाला त्यानंतरच्या रविवारी तिने मला झोपू दिलं नाही. मागची सीट तिने आदल्या दिवशी रॉकेलने पुसून, साबणाने धुऊन उन्हात ठेवली होती. ग्रीसचा डाग पूर्ण गेला नव्हता, पण साडीला लागणार नाही इतपत गेला होता. सीटवर टॉवेल घातला आणि बसली. हातात नारळाच्या वड्यांचा डबा. कुठे जायचं, विचारलं तर म्हणाली, पाववाल्याकडे.

साकीनाक्याच्या मागे त्याची खोली होती. तो आता सायकल चालवत नव्हता, लंगडत होता थोडा. बेकरीतच गल्ल्यावर बसायचा. आम्हाला बघून आधी घाबरला. त्याला वाटलं दिलेले पैसे परत मागायला आले. हिने डबा पुढे केला. त्याने एक वडी खाल्ली, मग आतून ताज्या पावांची लादी आणून हिच्या मांडीवर ठेवली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तरी बरंच बोलले. मी बाहेर गाडीपाशी उभा राहिलो.

परत निघालो तर म्हणाली, घाटकोपरला नको, सरळ घ्या. सरळ म्हणजे पवई. संध्याकाळ होत आली होती, रस्त्याला गर्दी नव्हती. तिने एका हाताने माझ्या खांद्याला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मांडीवरचे पाव. डावीकडे तलाव दिसायला लागला. तिने खांद्यावर थापटलं, थांबवा म्हणून. मी कडेला घेतली. उतरली नाही, बसूनच बघत राहिली. पाणी बरंच होतं. पलीकडचा काठ नीट दिसत नव्हता.

"ह्यो काय तो?" ती म्हणाली. "सायब पट्टी लावून धाडी तो?"

म्हटलं, हाच.

बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाली, "मगे होडीच घेवक होयी होती. स्कूटर कित्याक घेतलंव?"

आणि हसायला लागली. मांडीवरचे पाव हलत होते. मी गाडी चालू केली तरी थांबली नाही. घाटकोपरला पिठाच्या गिरणीपाशी उतरेपर्यंत अधूनमधून हसतच होती, आणि माझ्या पाठीला ते कळत होतं.